एकाच चादरीवर दोन घोषणा

शालनमावशी,

तू गेल्याचा निरोप घेऊन माणूस आमच्या कारापूरच्या घरी आला, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते आधी सांगून टाकते. बरं झालं, मी मंगळवारी जाऊन आले. हे आलं. रडू नंतर आलं, तेही आईकडे बघून. आधी हायसं वाटलं, इतकं की मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मावशी गेल्यावर भाचीला हायसं कसं वाटतं, असा कोणाला राग येणार असेल तर येऊ दे. तुला आला नसता. तू म्हणाली असतीस, "खरा सांगितलस मां? झाला तर."

त्या मंगळवारी मी येणारच नव्हते. डिचोलीत आमची सभा होती. वक्ता आला नाही, सभा मोडली, आणि हातात मोकळी दुपार घेऊन मी म्हापशाच्या बसमध्ये चढले, तिथून पेडण्याच्या. कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत मला वाटत होतं, उतरावं आणि परत फिरावं. आज विचार करते, तो वक्ता वेळेवर आला असता तर? मी टाळ्या वाजवत बसले असते, आणि तू रविवारी गेली असतीस, आणि मला जन्मभर तोंड लपवायला जागा पुरली नसती. माझ्या शहाणपणामुळे काही झालेलं नाही. एका बेजबाबदार वक्त्यामुळे झालं. त्याचे आभार मानायलासुद्धा लाज वाटते.

तुझ्या पडवीतलं ते टेबल आठवतं. वर घोंगडी ताणून बसवलेली, तिच्यावर जाड कापड. काकांनी फणसाच्या लाकडाच्या चौकटी करून दिल्या होत्या आणि तू त्यांवर जाळीचं कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताणायचीस. लग्नाआधी मुंबईला मामाकडे असताना एका छोट्या कारखान्यात तू हे शिकलीस आणि पेडण्यात येऊन घरच्या घरी सुरू केलंस. आमच्या चळवळीत पत्रकं काढून काढून माझी बोटं काळी झालेली. मला वाटायचं, छपाईतलं मला सगळं कळतं. पहिल्यांदा तुझ्याकडे आले तेव्हा तू अंधाऱ्या खोलीत मसाला लावून सुकवलेली चौकट खळ्यात आणलीस, तिच्यावर काळ्या अक्षरांचा कागद आणि काच ठेवलीस, उन्हात धरलीस आणि मग विहिरीवर नेऊन पाणी ओतलंस. ऊन लागलेला भाग घट्ट राहिला आणि अक्षरांच्या जागी जाळी उघडी झाली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तू म्हणालीस, "तोंड मीट गो, माशी जायत."

तुझ्याकडे कोण यायचं नाही? फुटबॉलवाले यायचे. खाणीवरच्या ट्रकवाल्यांनी क्रिकेटची टीम केली, ते डिचोलीहून आले. जत्रेच्या स्वयंसेवकांचे शर्ट दरवर्षी तुझेच. मोप्याच्या माळावरून दोघे भाऊ आले, त्यांना छातीवर आपल्या बैलाचं चित्र हवं होतं. तू म्हणालीस, बैल बघितल्याशिवाय काढणार नाही. आणि त्या उन्हात मोप्याचा चढ चढून बैल बघून आलीस! परत आल्यावर काका म्हणाले, "बैल बरो आसा?" तू म्हणालीस, "भावांपेक्षा बरो."

आणि ती चादर. कुठलंही नवं डिझाइन आलं की पहिला छाप तू शर्टावर कधी मारायची नाहीस. एक जुनी पांढरी चादर होती, तिच्यावर आधी मारायचीस. शाई पसरते का, अक्षर तुटतं का, बघायचं आणि मग शर्टाला हात लावायचा. छापावर छाप, बैलावर फुटबॉल, फुटबॉलवर कोणाच्या तरी लग्नाची तारीख. आपलं भांडण त्या चादरीवरूनच झालं.

राजभाषेचं आंदोलन पेटलं होतं. मी चाळीस कोरे शर्ट घेऊन आले. 'मराठीला राजभाषेचा मान द्या' असं छापायचं होतं. तू चौकट करून दिलीस, चादर अंथरलीस आणि पट्टीने शाई ओढलीस. चौकट उचलली तर आमच्या घोषणेखाली कोंकणीवाल्यांची घोषणा, अजून ताजी, निळी: 'उलयतां कोंकणी, मागतां कोंकणी'.

"हे काय?" मी म्हटलं.

"वाचनालयातल्या रोहिदासाचा. काल नेलान करून."

"मावशी, ते आमच्या विरोधातले लोक आहेत!"

"माझ्याकडे विरोधातलो कोण येत नाय. एकाक मिडियम होया, एकाक लार्ज. शर्टाक भास नसता बाय, माप असता."

"आणि तुझं स्वतःचं मत?"

"माझा मत मी पेटीत घालतंय. तुका कशाक सांगू? तू काय निवडणूक अधिकारी?"

मी चिडले. भाषेचा प्रश्न म्हणजे माप नव्हे, असं काय काय बोलले. चळवळीत पाठ झालेली सगळी वाक्यं तुझ्यावर फेकली. तू शाई ढवळत ऐकत होतीस. मग म्हणालीस, "मी घरात कोंकणी बोलतंय. पोथी मराठीत वाचतंय. माका दोनय लागतत. तुमी दोगय माका एक सोड म्हणून सांगतात. रोहिदासाक हाच सांगितलंय, तो पण तुझ्यासारखो लाल झालो."

उत्तर नसलं की आवाज चढतो. मी आमची चौकट उचलली, कोरे शर्ट बोचक्यात बांधले आणि निघाले. तू मागून ओरडलीस, "गो, शाई तरी घेऊन जा! कापडाची!" मी वळून बघितलं नाही.

पुढे काय झालं ते तुला लोकांकडून कळलं असणार. माझ्या तोंडून ऐक. कारापूरला आम्ही चौघांनी मिळून ते चाळीस शर्ट छापले. कापडाच्या शाईऐवजी पत्रकांच्या छापखान्यातली शाई आणली. शाई ती शाई, असं आमचं ज्ञान! कागद ती शाई पिऊन टाकतो. कापडावर ती चिकट होऊन बसली. इस्त्री करायची असते हे कोणाला ठाऊक? सुकत नाहीत म्हणून शर्ट रस्त्याच्या बाजूला दोरीवर घातले. रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक. ओल्या अक्षरांनी सगळी लाल धूळ धरून ठेवली. सकाळी घोषणा काळी नव्हती, तांबूस होती आणि हात लावला तर खरखरीत लागत होती. तरी घातले. मोर्चात ऊन वाढलं तशी शाई आणखी सुटली. कार्यकर्ता कार्यकर्त्याला भेटला की घोषणा उलटी होऊन समोरच्याच्या छातीवर. आमच्या अध्यक्षांनी दोघांना प्रेमाने जवळ घेतलं, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उलटी मराठी दोनदा उमटली. विरोधक हसले असते तर सोसलं असतं. आमचेच हसले. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "हे कोणाचं काम?"

आता खरं कारण सांगते, मंगळवारी हे मी तुला सांगितलं नव्हतं. मला तुझ्या चादरीवरच्या निळ्या अक्षरांचा राग होता, पण त्या रागाने पत्रक लिहिलं नसतं. माझी फजिती झाली होती आणि ती मला कोणाच्या तरी गळ्यात घालायची होती. त्याच संध्याकाळी बसून मी लिहिलं: 'पेडण्यातील एक तथाकथित छपाईवाली दोन्ही बाजूंची चाकरी करते. अशा संधिसाधूंना मराठी माणसाने ओळखावे.' तुझं नाव घातलं नाही. त्यात मला केवढी सभ्यता वाटली! पेडण्यात छपाईवाली होतीच मुळी एक. खाली लिहिलं, 'एक मराठीप्रेमी'. आणि पेडण्याच्या बाजारात वाटायला दुसऱ्याला पाठवलं. स्वतः गेले नाही.

जत्रेचे शर्ट त्या वर्षी तुझ्याकडे आले नाहीत. फुटबॉलवालेही म्हापशाला गेले. हे आईने मला सांगितलं. पत्रक माझं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "कोणी तरी हलकटान शालनीचा नाव खराब केला." मी ताटात बघत जेवत राहिले. पुढे कायदा झाला. कोंकणी राजभाषा, आणि मराठी 'हीसुद्धा वापरता येईल' अशा दाराआडच्या जागी. त्याचा संताप मला अजून आहे आणि तो मी सोडणार नाही. मग घटकराज्य झालं. सगळीकडे मिठाई वाटली. तू आजारी पडल्याचं कळलं. मी रोज म्हणायची, पुढच्या आठवड्यात जाते. लोकांना जाब विचारण्याचं माझं काम. स्वतःला जाब द्यायला मला फुरसत नव्हती!

मंगळवारी तू खिडकीजवळ खुर्चीत बसली होतीस. पाय सुजलेले, श्वास तोकडा. टेबल भिंतीला लावून ठेवलेलं, वर चौकटी रचलेल्या. मी पिशवीतून कागद काढले.

"परत पत्रक?" तू विचारलंस.

"नाही. माफी आहे. लिहून आणली."

"किती पानां?"

"तीन."

"बापरे! शर्टावर मावता तेवढा सांग."

तीन पानांत मी चळवळीची परिस्थिती लिहिली होती, तरुण रक्त लिहिलं होतं, ऐतिहासिक अन्याय लिहिला होता. कागद घडी करून परत पिशवीत टाकले. म्हटलं, "ते पत्रक मी काढलं. चुकलं माझं."

"ठाऊक आसा," तू म्हणालीस. "'तथाकथित' घातलस. आमच्या पेडण्यात तसा कोण बोलत नाय."

आणि हसलीस. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं, तरी तुझे खांदे हलतच होते. मग उलट्या घोषणेची सगळी गोष्ट तू माझ्याकडून दोनदा सांगून घेतलीस. अध्यक्षांच्या सदऱ्याशी आल्यावर काका आतून म्हणाले, "गो, तिका हसवू नको, दम लागता." तू म्हणालीस, "लागू दे. हेच्यासाठी मी वर्षभर थांबलंय."

मी विचारलं, "दुखलं का तुला?"

"दुखला. संधिसाधू म्हटलस तेचा नाय. नाव घातलस नाय, तेचा." तू थोडा वेळ दम घेतलास. "रोहिदासाचो शर्ट घे, नायतर तुझो घे. शर्टाच्या वर तोंड असता. माणूस अक्षरां छातीर घेऊन बाजारात फिरता, कोण काय बोलला तर तेकाच बोलता. तुझ्या पत्रकाच्या वर कोणाचा तोंड होता?"

मी पिशवीतली ती तीन पानं आणखी खाली दाबली.

"दुसरं पत्रक काढते," मी म्हटलं. "खुलाशाचं. नाव घालून."

"परत कागद! तोंड नाय तुका? बाजारात वाटलस, माझ्या कानात कशाक सांगतस? थंय जाऊन सांग."

"पुढच्या बाजाराला येते. सगळ्यांसमोर सांगते."

"ये," तू म्हणालीस. आणि लगेच, "पण शर्ट मी परत दोघांचेय छापतलंय हां. तेची माफी मागूचंय नाय."

"मी तुला मागायला सांगितलीच नाही. पण चूकच आहे ते."

"चूक तर चूक."

मग कायद्यावरून आपण पुन्हा भांडलो. चहा होईपर्यंत भांडलो, चहा पिताना भांडलो, काका म्हणाले, "बरी झाली वाटता ही." मला अजूनही वाटतं मावशी, माणसाने बाजू घ्यावी. दोन्ही लागतात हे तुझ्या घरात खरं होतं. सरकारदरबारी दोन्ही लागतात म्हटलं की दोघांतला एक नेहमी उंबऱ्याबाहेर राहतो, आणि तो आता आम्ही आहोत. हे तुला पटवायचं राहून गेलं. तुझं मला पटायचं राहून गेलं. हे भांडण मिटलं नाही याचं मला वाईट वाटत नाही. ते आपलं दोघींचं होतं, समोरासमोरचं, त्यात कोणाचं तोंड लपलेलं नव्हतं. निघताना तू माझ्या पिशवीत पाव घातलेस, डाव्या हाताने माझा गाल ओढलास आणि म्हणालीस, "जा पुढारणी, बस चुकत."

बाजार उजाडायच्या आधी तू गेलीस.

बाराव्याला मी आईबरोबर आले. खळ्यात चटया घातल्या होत्या, पुरुष बसले होते. तुझ्या छपाईच्या गोष्टी चालल्या होत्या. मोप्याचा धाकटा भाऊ बैलाचा शर्ट घालूनच आला होता. बाराव्याला! पण कोणी काही म्हणालं नाही. जत्रेच्या कमिटीचे दत्तारामकाका म्हणाले, "त्या पत्रकानंतर आमी तिच्याकडे गेलो नाय. खरा सांगायचा तर घाबारलो. तिना मान खाली घातली नाय, आमकाच घालची पडली."

रोहिदास केळीची पानं मांडत होता. त्याला मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. माझ्याच वयाचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तो म्हणाला, "पत्रक शाळेतल्या मराठीच्या मास्तरान काडला. तशी मराठी हांगा आनी कोण लिवतलो? म्हणून तर आज येवक नाय. कशे येतले?"

"हात झडो त्याचे," कोणीतरी म्हणालं.

मावशी, मास्तरांचं मला काहीच ठाऊक नव्हतं. वर्षभर सारं पेडणं माझ्या पत्रकासाठी त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघत होतं, आणि ते तुझ्या दारात यायला लाजत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईच्या हातात भाजीचं भांडं होतं.

"पत्रक मास्तरांनी काढलं नाही," मी म्हटलं. "मी काढलं."

आवाज इतका बारीक निघाला, की अर्ध्यांना ऐकू गेला नाही. पुन्हा म्हटलं. "शालनमावशीच्या विरोधातलं पत्रक मी लिहिलं. मी तिची भाची, सुनंदा. तिने दोन्हीकडचे शर्ट छापले म्हणून नव्हे, माझी फजिती झाली म्हणून लिहिलं. मास्तरांचा काही संबंध नाही."

आईने भांडं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. ते बघणं मला पुष्कळ दिवस पुरेल. रोहिदासच्या हातात पानं तशीच.

"तू?" तो म्हणाला. "तुझ्या घोवाक..." शिवी त्याने अर्धीच गिळली. "मास्तरांक आमी वाचनालयात येवक दिलो नाय, तुका ठाऊक आसा?"

"आत्ता कळलं."

"आत्ता कळला म्हणे! मराठीचे तुमी आनी मराठीच्याच मास्तराक..." तो पुढे बरंच बोलला. सगळं खरं बोलला. मी एकही मुद्दा खोडला नाही.

काका खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "शालनीक तिना सांगितला हा. मंगळवारी. माझ्या समोर. रोहिदासा, आता पानां मांड. लोकांक भूक लागली."

पंगत बसली. मला रोहिदासनेच वाढलं आणि भात पानावर असा आपटला की वरण उडालं. मी तो सगळा खाल्ला. आणि पुन्हा मागितला. त्याने पुन्हा आपटला, पण जरा हळू.

हात धुऊन मी त्याला मास्तरांचं घर विचारलं. "दाखयतां," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याने बोट दाखवलं. मी दार वाजवलं. आतून चपलांचा आवाज आला आणि दाराआडून मास्तरांनी विचारलं, "कोण?"

मी नाव सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं घालून.